माझी न झालेली बायपास

माझ्या हृदयाला आजतागायत काहीही झालेले नाही. हे प्रथम स्पष्ट करतो, कारण आमच्या गल्लीत, भावकीत आणि थेट जयसिंगपूरपर्यंतच्या पाहुण्यांत माझी बायपास झाली अशी बातमी आहे. ती माझ्या मुलाने पसरवली. मला झाला होता स्तनाचा कर्करोग, डाव्या बाजूचा. पुरुषालाही तो क्वचित होतो, मला झाला. शस्त्रक्रियेत ती बाजू बगलेतल्या गाठींसह काढून टाकली आणि पुढे केमोथेरपीचे सहा डोस दिले. यात लाजण्यासारखे काय आहे, ते या शिकल्यासवरल्या मुलाने मला अजून समजावलेले नाही. नातीच्या लग्नात अडचण येईल, असे कारण पुढे करण्यात आले. नात नववीत आहे.

मुलगा आता सांगतो, की आबांची संमती होती. हे खोटे आहे. डोस घेऊन आलो, की आठवडाभर तोंडाला लोखंडाची चव असे आणि पोटात पाणी ठरत नसे. उलट्या करणाऱ्या माणसाच्या गप्प राहण्याला संमती म्हणत नाहीत. सरकारी मोजणी खात्यात मी आयुष्यभर बांधांचे तंटे ऐकले. समोरचा गप्प बसला म्हणजे हद्द आपली झाली, असे मानणारे लोक मी दुरून ओळखतो.

सूनबाई सांगते, की चार महिने माझा हात वर जात नव्हता. हेही चूक. भिंतीवरून बोटे चालवत हात वर नेण्याचा व्यायाम मी रोज सकाळी केला आणि बोटे पोचतील तिथे पेन्सिलीने रेघ मारली. दुसऱ्या महिन्यातली रेघ खिडकीच्या चौकटीहून वर होती. ती भिंत सूनबाईने दिवाळीला रंगवून घेतली, आणि आता पुरावा मागते.

भेटायला येणाऱ्यांबद्दल फारसे न बोललेले बरे. संध्याकाळी कट्ट्यावर, समोरच पिळलेल्या म्हशीचे धारोष्ण दूध पिणारे माझे मित्र तेच दूध तांब्यातून घरी घेऊन येत. कच्चे काहीही पोटात जाता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते.

“डॉक्टरास्नी म्हशीतलं काय कळतंय, आबा?”

म्हशीतले कळत नसेल. माझ्यातले कळत होते.

हे सगळे मी चालवून घेतले असते. एक गोष्ट मात्र चालवून घेण्यासारखी नव्हती. शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांनी विचारले होते, बहीण आहे का? एक आहे, जयसिंगपूरला, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. हा रोग घराण्यातून आलेला असू शकतो, तिचीही तपासणी करून घ्या, असे त्यांनी मुलासमोर सांगितले. मुलाने मान हलवली, घरी येऊन आत्याला फोन लावला आणि बायपास सांगितली.

शेवटच्या डोसानंतर दोन महिन्यांनी शेजारचे गृहस्थ आले. त्यांची बायपास खरोखर झालेली. बसल्या बसल्या त्यांनी शर्ट उघडून गळ्याखालून सरळ उतरलेला व्रण दाखवला.

“आता तुमचा दावा की, आबा.”

मी दाखवला.

“ह्यो आडवा कसा वो? बगलंत शिरलाय की.”

“नवीन पद्धत आहे,” मुलगा दारातून म्हणाला.

“आन् हितलं सगळं कुठं गेलं?”

“कापून टाकलं,” मी म्हणालो. “कॅन्सर होता. स्तनाचा.”

“बायकांचा?”

“माझा.”

गृहस्थांनी घाईने स्वतःची बटणे लावली आणि चहा न घेताच ते उठले. हा रोग चिकटत नाही, हे सांगण्याची तसदी मी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी एकटाच जयसिंगपूरला गेलो. बहीण मेथी निवडत होती. मी सगळे क्रमाने सांगितले.

“डॉक्टरनी माझं कवा सांगितलंतं?” तिने शेवटी विचारले.

“आपरेशनाआधी.”

“म्हंजी आठ म्हैनं झालं.”

“तुझ्या भाच्यानं तुला खोटं...”

“त्येचं सांगू नगो. त्येला काय कळतंय? तुझ्याकडं फोन न्हवता, आण्णा? येरवी जगाशी भांडाय तोंड हाय की तुला.”

मी उत्तर द्यायला सरसावलो. उलट्यांचे कारण तयार होते. पण उलट्या थांबून दोन महिने उलटले होते. खरे तर त्या दोन महिन्यांत मीही शर्टाचे वरचे बटण लावल्याशिवाय ओसरीवर बसलो नव्हतो. हे मी तिला सांगितले नाही. तिला ते दिसत असावे.

तिने मेथी तशीच टाकली आणि लुगडे बदलून आली.

“चल. कुठं तपासत्यात ते तरी ठावं हाय न्हवं?”

तपासणी झाली. आत एक बारीक गाठ दिसली म्हणून तिचा तुकडा काढून पाठवला आहे. अहवाल गुरुवारी मिळेल. तोवर ती माझ्याशी बोलत नाही, आणि त्यावर माझे काहीही म्हणणे नाही.