पांढऱ्याची वेचणी

गंगाखेडला आम्ही माजी सैनिक महिन्यातून एकदा जमतो. कारण फार मोठं नसतं. घरच्यांना आमच्या गोष्टी पाठ झाल्यात आणि आम्हाला ऐकणारं कुणीतरी हवं असतं. आधी आपली एक आठवण सांगायची, मग घरातल्या कुणाची. मी वडिलांची सांगतो, त्यांच्याच मागे मी फौजेत गेलो. पण त्यांची एक गोष्ट मी कधीच काढत नसे. ती आईच्या जिव्हारी लागलेली होती.

वडील बर्फातल्या चौकीवर होते. त्यांनी पत्रात लिहिलं, ‘सकाळी उठावं तर सगळं पांढरंच पांढरं.’ आईनं बर्फ कधी पाहिलेला नाही. तिच्या लेखी पांढरं म्हणजे कापूस. तिनं गावातल्या गुरुजींकडून उलटटपाली लिहवून घेतलं, ‘वेचणी लांबवू नका. दव पडायलंय, माल भिजंल. माणसं कमी पडली तर मला बोलवा.’ पुढं सुट्टीवर आल्यावर वडिलांनी हसत हसत सांगितलं, की पत्र ऐकून चौकीवरचे सगळे पोट धरून हसले. त्यानंतर आईनं एकही पत्र पाठवलं नाही. गावात कुणी दोघं हसली, तरी ती पदर सावरून आत जायची. वडील जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या एका गोष्टीसाठी मला त्यांचा राग येतो.

परवा जिंतूरकडचे एक म्हातारे पहिल्यांदाच आले. वडिलांच्याच चौकीवरचे निघाले. माझं गाव, नाव ऐकून त्यांनी डोळे बारीक केले. "मंग ती वेचणीवाली तुझी माय का रं?"

माझं डोकंच फिरलं. "काका, माझ्या मायला हसू नका."

"हसलोच की! दीड महिना रस्ता बंद. आमचे दोघं बर्फाखाली गेलेले. कुणी कुणाशी बोलंना. रस्ता उघडला अन् पहिल्या डाकंत ती चिठ्ठी. लय दिसांनी हसलो, लेका. मंग एकेकानं उतरून घेतली. बर्फ उपसायला निघालो की म्हनायचं, चला वेचणीला. पुढं तुझा बाप दर डाकंला सगळ्यांच्या पुढं जाऊन हुबा ऱ्हायचा. चिठ्ठी काई आली न्हाई."

परतीच्या एसटीत माझा डोळा लागला असावा. खिडकीबाहेर फुटलेला कापूस उन्हात तरंगत होता आणि मी माझ्याच जुन्या चौकीवर होतो. बर्फातून आई चालली होती, कमरेला ओटी बांधून, वेचत वेचत. मागे वडील. दोघांचेही पाय रुतत नव्हते. कंडक्टरनं हलवलं तेव्हा उठावंसंच वाटेना. उतरताना ठरवलं, हसणं सांगायचं, वाट पाहणं गाळायचं.

आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सांगितलं. तिचे हात थांबले.

"उतरून घेतली? हसायसाठी?"

"हसायसाठीच. पण तसलं हसणं न्हाई, माय."

तिचा चेहरा उजळला. मग हळूहळू तो उतरला.

"मंग पुढच्या चिठ्ठीची वाट बघितली असंल की रं त्यायनी."

खोटं ‘न्हाई’ तोंडाशी आलं होतं. ते काही निघेना. मी मान खाली घालून "हो" म्हणालो.