इंटरव्हलला उठणारा प्रसन्न

प्रसन्न सिनेमाच्या इंटरव्हलला उठायचा आणि परत यायचा नाही. समोसा आणायला नाही, पाय मोकळे करायला नाही, सरळ घरी जायला. दिवे लागले की तो पिशवी खांद्याला अडकवून उभा राहायचा आणि आजूबाजूच्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "चला. वास मारायला लागला." पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, खुर्च्यांखाली खरंच उंदीर मेलाय. मी ओढणी नाकाला लावली. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "पिक्चरचा, वैशू. पिक्चरचा."

नाव प्रसन्न, आणि चेहरा कायम कोणीतरी शिळं वरण पुढे केल्यासारखा. घोडपदेवच्या चाळीत तो आणि त्याची आई असे दोघेच राहायचे. मी गिरगावातली. कॉलेजात तीन वर्षं आम्ही मास मीडिया शिकलो, म्हणजे नेमकं काय शिकलो ते आम्हाला अजून कोणी सांगितलेलं नाही. पदवी हातात पडली आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे बेकार झालो. सकाळी अर्ज करायचे, दुपारी दादरच्या एका जुन्या, एका पडद्याच्या थिएटरात मॅटिनी बघायची, संध्याकाळी आलेले नकार एकमेकांना वाचून दाखवायचे. हा आमचा दिनक्रम. तो काळ आठवला की माझ्या तोंडात अजून आंबट येतं.

उठण्याचाही त्याचा नियम होता. पहिल्या पाच मिनिटांत कितीही किळस आली तरी तो हलायचा नाही. नायकाने एका ठोशात सात माणसं उडवली, नायिकेने पाण्यात भिजून देशभक्तीचं गाणं म्हटलं, तरी हा दात आवळून बसलेला. मी एकदा वैतागून म्हटलं, "उठायचंच आहे तर आत्ताच ऊठ ना." त्यावर तो जे म्हणाला ते पुढे मी त्याच्या तोंडून फार वेळा ऐकलं. "इंटरव्हलपर्यंत बसायचं. समोरच्याला तेवढा चान्स द्यायचा. त्याच्यानंतर बसला, तो सामील."

बाहेर पडल्यावर तो आपलं तिकीट थिएटरसमोरच्या पानवाल्याला देऊन टाकायचा. पानवाला भावाला गल्ल्यावर बसवायचा आणि आत पळायचा. अशाने त्या माणसाने वर्षभरात नुसते सेकंड हाफ पाहिले. पुढच्या खेपेला आम्ही दिसलो की तो चुना लावता लावता विचारायचा, "भैया, वो लास्ट टाइम वाले में शुरू में क्या हुआ था?" मग प्रसन्न त्याला सुरुवात सांगायचा आणि तो शेवट सांगायला लागला की कानांवर हात ठेवायचा. दोघे मिळून एक प्रेक्षक व्हायचा.

घरी जाऊन प्रसन्न लिहायचा. त्याची स्वतःची वेबसाइट होती, कॉलेजात असताना रात्रंदिवस खपून बनवलेली. नाव 'अर्धा पिक्चर'. पांढरं पान, काळी अक्षरं, एकही फोटो नाही. सगळ्यात वर एक ओळ: 'इथे फक्त पहिल्या हाफबद्दल लिहिलं जातं. दुसरा मी पाहिलेला नाही.' आणि खाली एकेका सिनेमाची अशी काही सालं काढलेली असायची की वाचताना मी घरात एकटीच खदाखदा हसायचे. पण ते नुसतं हसण्यावारी नव्हतं. कोणता प्रसंग कुठे सडायला लागला, हे तो बोट ठेवून दाखवायचा. हळूहळू लोक वाचायला लागले. "तो उठला म्हणजे भिकार असणार" असं अनोळखी माणसं लिहायची. त्याला त्याचा आनंद व्हायचा, पण चेहऱ्यावर तेच शिळं वरण.

नोकरीच्या मुलाखतींनाही तो सिनेमासारखाच जायचा. परळच्या एका काचेच्या इमारतीत आम्हाला एकाच दिवशी बोलावलं होतं. कोणे एके काळी त्या जागेवर त्याचे आजोबा कामाला असलेली मिल होती. मला उगाच भरून आलं. तो म्हणाला, "मला नाही गहिवर येत. मला रूम फ्रेशनरचा वास येतोय." आत एक मॅडम कीबोर्डवर वाटी ठेवून मिसळ खात होत्या. फरसाणाचे कण बोटाने टिपत त्या म्हणाल्या, "हमारे यहाँ बॉस वगैरह कुछ नहीं, वी आर अ फॅमिली. सहा महिने शिकायचं, पगाराचं नंतर बघू." प्रसन्नने अर्धा तास ऐकून घेतलं. मग पिशवी खांद्याला लावून उभा राहिला. "मॅडम, फॅमिली मला घरी आहे. मी ऑफिस शोधतोय." आणि बाहेर. मी मागे राहिले, कारण माझा नंबर यायचा होता. मलाही ती नोकरी मिळाली नाही ते सोडा.

त्याहून घाण प्रकार डासांच्या अगरबत्तीचा. एका जाहिरात कंपनीने त्याला परीक्षा म्हणून दहा ओळी लिहून मागितल्या. त्याने इमानदारीत लिहिल्या. 'तुमची निवड होऊ शकली नाही' असं गोड मेल आलं, आणि महिन्याभरात त्याची ओळ दादरच्या बसस्टॉपवर झळकली: 'रात्र तुमची आहे, डासांची नाही.' खाली एक बाई अगरबत्ती धरून हसत होती. आम्ही दोघे त्या फलकापुढे उभे राहिलो. मी त्या कंपनीला शिव्या घालत होते. प्रसन्न म्हणाला, "ओळ पण भिकारच आहे यार. पण माझी आहे." तेवढ्यात बस आली आणि आम्ही बसलो. दुसरं काय करणार?

त्याच्या आईला मी काकू म्हणायचे. मूळ मालवणच्या. लालबागला मसाला कुटायच्या डंकावर त्या मिरच्यांचे देठ खुडायला जायच्या, कैक वर्षांपासून. बोटांची साल गेलेली, संध्याकाळी हाताला खोबरेल तेल चोळून बसायच्या. प्रसन्न एकदा सांगत होता, "लहानपणी मी रडलो की आई डोळे पुसायची आणि मी आणखी बोंबलायचो. तिला वाटायचं, पोरगा फार हळवा आहे." हे सांगताना तो हसला होता. तो हसलेला मला फार कमी वेळा आठवतो.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून काकूंना खोकला लागला. साधा नाही, अख्खा जिना दणाणून सोडणारा. डॉक्टरांनी सांगितलं, मिरची सोडा नाहीतर छाती सोडा. मिरची सोडायची तर घरात दुसरं कोणी कमावतं हवं, आणि दुसरा कमावता इंटरव्हलला उठत होता.

अशातच त्याला परळच्याच एका ऑफिसातून फोन आला. सिनेमांची प्रसिद्धी करणारी कंपनी. तिथल्या कौस्तुभ सरांनी 'अर्धा पिक्चर' पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली होती. त्यांना भेटून बाहेर आल्यावर प्रसन्नने मला समोरच्या फुटपाथवर बसवून सगळं सांगितलं. पांढरे बूट, सगळ्यांना 'डिअर' म्हणणारा माणूस. तो म्हणाला होता, "डिअर, तू अजिबात बदलायचं नाहीस. किळस कर, मनापासून कर, लोकांना उठून दाखव. फक्त आम्ही सांगू त्या पिक्चरला उठायचं नाही. घरी जाऊन एकच ओळ टाकायची. 'मी शेवटपर्यंत बसलो.' बास. स्तुती नको, काही नको."

मला ते कळायला एक क्षण लागला.  त्याच्या किळसेलाच गिऱ्हाईक मिळालं होतं. जो माणूस कशालाच बसत नाही, तो एका सिनेमाला बसला, याहून मोठी जाहिरात कोणती?

"तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"उठलो," तो म्हणाला. "पण वैशू, माझी साइट एवढी नीट वाचणारा तो पहिला माणूस आहे. त्याचाच वास यावा?"

त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर घोडपदेवला गेले. काकू नुकत्याच कामावरून आल्या होत्या. त्याने नोकरी नाकारल्याचं सांगितलं. का नाकारली तेही सांगितलं, अगदी समजावून, उदाहरणं देऊन. काकू हाताला तेल चोळत ऐकत होत्या. मधे खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "झिला, तुका सगळ्याचोच वास येता. मी इतकी वर्सां मिरचेत बसलंय. माका नाक नाय? वास येता म्हणान मी एकदा तरी उठलंय?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरोखर विचारत होत्या. प्रसन्नने खोबरेलच्या बाटलीचं झाकण लावलं. मी चपला घातल्या. जिना उतरताना मला कौस्तुभ सरांची शिसारी आली होती, त्या डॉक्टरची आली होती, मिसळवाल्या मॅडमची नव्याने आली होती. फक्त काकूंवर चिडायला जागा सापडेना, आणि त्यामुळे मी आणखीच चिडले.

पुढच्या महिन्यात 'अर्धा पिक्चर'वर ती ओळ आली. एका सिनेमाचं नाव, आणि खाली: 'मी शेवटपर्यंत बसलो.' मी तो सिनेमा बघून आले होते. पहिल्या पंधरा मिनिटांत कुजला होता. पण साइटवर लोकांनी नुसता धुरळा उडवला. 'हा बसला? मग बघायलाच पाहिजे!' थिएटरं भरली. त्यानंतर दोन-तीन सिनेमांची सालं काढलेली, मग पुन्हा ती ओळ. हिशोबात बसवल्यासारखं. मी त्याला एकच मेसेज केला, 'शी.' त्याने उलट लिहिलं, 'खोटं काय आहे त्यात? बसलोच ना.'  बरेच महिने आम्ही बोललो नाही. तोवर मला गिरगावातच एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली होती. लग्नपत्रिका. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी किळस करीन.

मग उन्हाळ्यात एका शनिवारी त्याचा फोन आला. "मॅटिनीला येतेस? दादरला, आपल्या थिएटरात." आपल्या म्हणाला म्हणून मी गेले.

तो अंगाने भरला होता. शर्ट चांगला होता. मी आधी काकूंची चौकशी केली. डंकावर जाणं बंद झालं होतं, खोकला थांबला होता, बोटांना नवी साल आली होती. "आता टीव्ही बघते दिवसभर," तो म्हणाला. "सगळ्या मालिका आवडतात तिला." मला खरंच बरं वाटलं. काकूंच्या त्या बोटांसाठी मी त्याला सगळं माफ करायच्या बेतात होते.

सिनेमा सुरू झाला. भयंकर होता. बाप मरताना पोराला हसत हसत सूड घ्यायला सांगतो आणि मागे मंत्र वाजतात, असला. मी दोनदा प्रसन्नकडे पाहिलं. पूर्वी अशा वेळी त्याच्या जबड्याची शीर उडायची. इंटरव्हल झाला, दिवे लागले. मी सवयीने पर्स खांद्याला लावून उभी राहिले.

तो बसून होता.

"हा त्यांचा आहे?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आज सुट्टी आहे मला."

"मग चल ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ऊठ म्हटल्यावर एखादा म्हातारा आधी गुडघ्यांचा अंदाज घेतो, तसं काहीसं. मग म्हणाला, "तू हो पुढे. मी येतो." आणि पाय लांब करून त्याने पुढच्या खुर्चीला टेकवले.

बाहेर पानवाल्याने मला ओळखलं. माझ्या मागे बघत म्हणाला, "भैया नहीं आए?" मी माझं तिकीट त्याला दिलं. तो आत गेला. त्याच्या भावाने मला बसायला स्टूल दिलं आणि मी त्या ऊन-सावलीत सव्वा तास बसून राहिले. निघून जायला हवं होतं. पण मला त्याला एक विचारायचं होतं.

सिनेमा सुटला तसे दोघे बरोबरच बाहेर आले. पानवाला खुशीत होता. त्याने प्रसन्नच्या खांद्यावर थाप मारून नेहमीचा प्रश्न विचारला, "भैया, शुरू में क्या हुआ था?" प्रसन्न तोंड उघडून थांबला. आठवायचा प्रयत्न करताना मी त्याला प्रथमच पाहत होते. "कुछ खास नहीं," तो म्हणाला.

आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत गेलो. अगरबत्तीवाल्या बाईच्या जागी आता दुसरीच कुठली बाई हसत होती. मी विचारलं, "प्रसन्न, कसा असतो रे सेकंड हाफ? तू एवढी वर्षं कधी बघितलाच नव्हतास."

 तो अगदी हळू, पूर्वी थिएटरात ओरडायचा त्याच्या उलट, म्हणाला, "तसाच असतो गं. पण सेकंड हाफमध्ये वास येत नाही. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

माझी बस आली. त्याने हात हलवला. ती आमची शेवटची भेट. भांडण झालं नाही, फक्त त्यानंतर कोणी कोणाला फोन केला नाही.

बसमध्ये बसल्या बसल्या मला एकदम भीती वाटली. मी ओढणी बाजूला केली आणि लांब श्वास घेतला. डिझेलचा वास आला. पुढच्या बाईच्या पिशवीतल्या बोंबलांचा आला. माझ्या स्वतःच्या घामाचा आला. लालबागला बस सिग्नलला थांबली आणि खिडकीतून मिरचीचा खकाणा असा घुसला की अख्खी बस शिंकायला लागली. कंडक्टरने शिवी हासडली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी नाक पुसून पुन्हा पुन्हा हुंगत होते. येत होता. सगळा वास येत होता.