दुसऱ्याच्या पाळीत हात

चाळीस वर्षं मी कापड विणायचे लूम चालवले. शाळा तिसरीपर्यंत. तरी मशीनमधलं मला कळत नाही, असं कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकून घेतलं नाही.

नात इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजात लहान पोरांची रोबोटची स्पर्धा होती आणि ती तिथं बिनपगारी पंच. मला म्हणाली, "बाबा, बघायला चला. पण दोरीच्या आत यायचं नाही." मी म्हटलं, "मला शिकवतेस?" पर्वत पाटियाच्या घरून रिक्षा करून गेलो.

दहा-अकरा वर्षांच्या दोन पोरी. त्यांचा रोबोट चपलेच्या खोक्याएवढा. कुणी हात न लावता तो चालला, वळला, लाकडी ठोकळ्यापाशी थांबला. एक धागा ओढला गेला आणि त्याचा हात वर उठू लागला. मी आ वासून बघत होतो. हे या पोरींनी केलं?

तेवढ्यात धागा तुटला.

पोरी वाकल्या, पण त्यांच्याआधी मी दोरीखालून आत. धागा तुटला की माझा हात मला विचारत नाही. दोन बोटांत टोकं, एक पीळ, गाठ. ठोकळा उचलला गेला! शाबासकीसाठी मी मान वर केली.

शिट्टी वाजली. नातीची.

"बाहेरच्या माणसाने हात लावला. ही फेरी शून्य."

हिला मी खांद्यावर बसवून तापीवर नेलेलं!

"अगं, मी आहे मी!"

"दिसतंय. दोरीच्या बाहेर व्हा, बाबा."

"पोरींचं काय चुकलं? मला हाकल."

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमच्या पाळीत शेजारच्याने तुमच्या लूमला हात लावला, तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

कानाखाली वाजवली होती. त्यानेही तुटलेला धागाच जोडला होता बिचाऱ्याने. पण पाळी माझी, कापड माझं. हा किस्सा घरात दर दिवाळीला मीच छाती फुगवून सांगतो.

आता एकच फेरी राहिली. त्यात ठोकळा उचलला नाही तर पोरी बाद. माफी मागायची मला सवय नाही, तरी दोरीपाशी गेलो. बघतो तर थोरली माझी गाठ दातांनी सोडत होती.

"अरे बेटा, वो पक्की गाँठ है!"

"आपकी है, दादा," ती मान वर न करता म्हणाली. "हमारी नहीं है."

चाळीस वर्षांत माझी गाठ कुणी सोडली नव्हती. तिने स्वतःची मारली. जाडी, ओबडधोबड, चण्याएवढी. माझी बोटं शिवशिवली. मी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकाने दुसरा घट्ट धरला.

रोबोट निघाला. धागा ओढला गेला. गाठ धाग्याच्या चाकाशी येऊन अडकली. थरथरली. आणि निसटून पुढे गेली.

ठोकळा उचलला! हॉलभर टाळ्या. माझे हात मात्र पाठीमागून सुटेनात.