आत्याच्या नावावरची चूक

बायकोलाही हे ठाऊक नाही. तिला सांगितलं असतं तर ती तशीच चपला घालून आत्याकडे गेली असती — आणि तेच योग्य झालं असतं. म्हणूनच तर नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आत्याला ओळखत नाही. पण तिला ओळखल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळणार तरी कसं? तेव्हा आधी आत्या.

सुमनआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुंबईत एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात तिने उभी हयात काढली. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, मशीनला एकटं टाकून जाता येत नव्हतं. हे मशीन म्हणजे मेनफ्रेम. आपल्या घरातल्या कॉम्प्युटरचा थोरला आजोबा म्हणा. मोठ्या बँकांचे हिशेब अजून त्याच्याच जिवावर चालतात. निवृत्त झाल्यावर ती रत्नागिरीला आली, तिथल्या नाचणे भागात लहानसं घर बांधलं, आणि आता निवांत झोपा काढीन म्हणाली. पण या मशीनची माहितगार माणसं हल्ली मिळत नाहीत. पुण्याच्या एका कंपनीने तिला शोधून काढलं. तिथली नवी मुलं वर्गात बसायची आणि आत्या मागच्या खोलीतून, इंटरनेटवरून, त्यांना शिकवायची. साडीवर कानाला हेडफोन लावलेली आत्या बघायला शेजारच्या बायका मुद्दाम साखर मागायला यायच्या.

मी तेव्हा लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून नुकता घरी बसलो होतो. प्लांट बंद पडला, कंपनीची बस यायची थांबली, आणि मी दिवसभर पंख्याखाली पडून मोबाइल बघत होतो. एक दिवस आत्याने फर्मान काढलं: "मेल्या, पंखा झिजेल. उद्यापासून माझ्याकडे ये."

गेलो. काय सांगू तुम्हाला — तिच्यासारखं शिकवताना मी कुणाला पाहिलेलं नाही. पहिले कित्येक दिवस तिने कीबोर्डला हात लावू दिला नाही. नुसतं बघ, म्हणायची. आत्ता मशीनवर काय काय चालू आहे, कोण बसलंय, कुठलं काम कशासाठी अडलंय. ते मशीन मधूनच प्रश्न विचारतं आणि उत्तर मिळेपर्यंत मुकाट थांबून राहतं. मला वाटायचं, देऊन टाकावं पटकन उत्तर. आत्या माझा हात बाजूला करायची. त्याला घाई नाही, तुलाच कसली आलीय? मशीन सुरू करण्याला त्यांच्यात आयपीएल म्हणतात. मी क्रिकेटवरून विनोद केला, तर म्हणाली, हा विनोद करणारा तू पहिला नाहीस, आणि आधी बंद करायला शिक, मग सुरू करायचं बघू.

बंद करणंही सोपं नसतं. त्याचा एक क्रम असतो. आधी लोकांना कळवायचं, मग चालू कामं संपवायची, मग डेटाबेस, आणि शेवटाकडे नेटवर्क. पाहुणे जेवत असताना मांडवाची कनात ओढायची नाही, असं ती सांगायची.

आणि तिची एक सवय होती. ही नीट ऐका, पुढे लागेल. तिच्या पडद्यावर नेहमी दोन खिडक्या असायच्या: एक आमच्या सरावाची सिस्टिम, दुसरी पुण्याच्या वर्गाची. दोन्ही काळ्या, दोन्हींत हिरवी अक्षरं, जुळ्या बहिणी. म्हणून एन्टर मारण्याआधी आत्या वरच्या कोपऱ्यातल्या सिस्टिमच्या नावावर बोट टेकवायची आणि ते नाव मोठ्याने वाचायची. प्रत्येक वेळी. पडद्यावर त्या जागी तिच्या बोटाचा डाग पडला होता. मुंबईच्या मशीनरूममध्ये एका जुन्या साहेबांनी लावलेली सवय, म्हणे. मला हसू यायचं. मी तिची नक्कल करून दाखवायचो आणि ती पाठीत धपाटा घालायची.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. नाही का? किती वेळ घोळवणार?

सकाळची वेळ. पुण्याची मुलं त्यांच्या सिस्टिमवर परीक्षेचं काम करत होती. आत्या मला सरावाची सिस्टिम बंद करून दाखवत होती. क्रमाने सगळं झालं. डेटाबेस थांबायला थोडा वेळ घेत होता, त्यानंतर फक्त नेटवर्क बंद करायचं राहिलं होतं. तेवढ्यात दाराशी मिरकरवाड्याची मासेवाली आली. ही बाई हाक मारत नाही, आरोळी ठोकते. "आत्याबाय, सौंदाळे हायत, मगे म्हणू नको सांगलंस नाय!" आत्या उठली. मला म्हणाली, थांब, आलेच.

मी थांबलो नाही.

डेटाबेस थांबल्याचं दिसलं. पुढची कमांड मला पाठ होती. वाटलं, ती मासे घेऊन येईल तेव्हा सगळं बंद झालेलं असेल आणि ती म्हणेल, शाबास रे! टाइप केली. एन्टर मारलं. आणि दुसरी खिडकी, वर्गाची, माझ्या डोळ्यांसमोर तुटली. सरावाची होती तशीच होती, शेवटच्या कमांडची वाट बघत. मी बोट लावलं नव्हतं. पुण्यात एका फटक्यात सगळ्या मुलांच्या पडद्यांवरून परीक्षा गेली.

आत्या हातात सौंदाळ्यांचं ताट घेऊन आत आली तोवर फोन वाजत होता. पुण्याचा समन्वयक होता, भला मुलगा, ओरडलाबिरडला नाही. मॅडम, तुमच्या आयडीवरून नेटवर्क बंद झालंय, एवढंच म्हणाला. त्यांनी तिकडून मशीन सावरलं. मुलांचं अर्ध्या दिवसाचं काम गेलं, परीक्षा पुढे ढकलली. संपलं. एवढीच ती चूक. मी तेव्हाच कान पकडले असते तर दुपारी त्यावर हसत आम्ही सौंदाळे जेवलो असतो.

पण आत्या खुर्चीत बसली आणि तिने मला विचारलं. लक्षात घ्या — मला. 'आधी लॉग बघावा, मग तोंड उघडावं' हे मला शिकवणाऱ्या आत्याने त्या दिवशी लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडला नाही. उघडला असता तर वेळ दिसली असती, आणि त्या वेळी आपण दारात घासाघीस करत होतो हे तिला कळलं असतं. मी हात लावीन हे तिच्या मनालाही शिवलं नाही. ती म्हणाली, "घाईत उठताना मीच दिली का रे ती कमांड?"

मी म्हणालो, "हो."

"बोट लावलं होतं ना मी?"

आणि मी म्हणालो, "नाही लावलंस, आत्या."

पहिलं खोटं भीतीने सुटलं असं एक वेळ म्हणता येईल. दुसरं? ते मी विचार करून बोललो. पहिलं टिकायला दुसरं लागत होतं. पुढे मी स्वतःला बरंच काही समजावलं. तिच्या आयडीवर मी बसलो होतो हे कळलं तर कंपनी तिलाच काढील, आपण तिला वाचवतोय, वगैरे. थापा आहेत सगळ्या. मला तिच्यासमोर गाढव ठरायचं नव्हतं, बस.

तुम्ही म्हणाल, एका चुकीने काय होतंय? मलाही तसंच वाटलं. पण कमांड चुकली याचं आत्याला एवढं नव्हतंच. आपण बोट लावायला विसरलो, याने ती हादरली. इतक्या वर्षांत जे हाताने आपोआप केलं ते आज केलं नाही आणि केलं नाही हे आठवतही नाही — म्हणजे डोकं चाललं आपलं, असं तिने धरलं. मग ती आमटीत मीठ घातलं का हे मला चाखायला लावू लागली. कुलूप लावून फाटकापर्यंत गेली की परत फिरायची. वर्गात शिकवताना अडखळायची. तिला काही आठवत नव्हतं म्हणून नाही हो. आठवलेलं बरोबर असेल की नाही, हे तिला कळेनासं झालं होतं म्हणून. आणि थोड्याच दिवसांनी तिने कंपनीला कळवलं की आता पुरे, माझं वय झालं. तो मेल तिने सांगितला आणि मी टाइप केला. शेवटच्या ओळीत माझी शिफारस होती.

आज त्या वर्गाला मी शिकवतो. तिच्याच मागच्या खोलीत, तिच्याच खुर्चीत. बरं शिकवतो, असं मुलं म्हणतात; सगळं तिचंच आहे. मध्येच आत्या चहा आणून ठेवते, दारात घटकाभर उभी राहून ऐकते आणि समाधानाने निघून जाते. शेजारणींना सांगते, आमच्या प्रसादने माझी लाज राखली. मला ती फार आवडते. लहानपणापासून आवडते. आईपेक्षा जास्त असं म्हटलं तर आई रागावेल, पण तसंच आहे. मग इतक्या वर्षांत एकदाही का तोंड उघडलं नाही?

सांगायची संधी मात्र आली होती. अलीकडेच. रक्तदाबासाठी तिला डॉक्टरांकडे नेलं होतं, तर तिने आपणहून विस्मरणाची तक्रार काढली. डॉक्टरांनी तिथेच प्रश्न विचारले. वार, तारीख, काही शब्द लक्षात ठेवायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचं. आत्याने वजाबाकी अशी धडाधड केली की डॉक्टरच मागे पडले. हसून म्हणाले, "अहो आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. काही झालेलं नाही तुम्हाला."

आत्या हसली नाही. "नाही हो डॉक्टर. कामावर मोठी चूक झालेय माझ्याकडून, आणि मला ती आठवतसुद्धा नाही. हा तिथेच होता. विचारा याला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यानेही पाहिलं, आपल्या बाजूच्या साक्षीदाराकडे पाहावं तसं.

मी मान हलवली. हो म्हणून.

डॉक्टर जरा गंभीर झाले. त्यांनी एक साधीशी गोळी लिहून दिली.

ती गोळी आत्या रोज सकाळी चहाच्या आधी घेते. अजून एकदाही विसरलेली नाही.