पेपरमावशी

चिरुटांच्या कारखान्यात बोलायला बंदी होती, ऐकायला नव्हती. याच पळवाटेवर पेपरमावशीचं पोट चालायचं. लांबलचक टेबलाशी बायका मान खाली घालून तंबाखूची पानं वळायच्या आणि मावशी स्टुलावर बसून खड्या आवाजात वर्तमानपत्र वाचायची. मजुरी नगावर असायची, म्हणून प्रत्येक बाई आपल्यातले थोडे चिरूट तिच्या टोपलीत टाकायची. कुरकुर कुणीच करत नसे. अख्ख्या टेबलावर अक्षर ओळखणारी ती एकटीच होती.

एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण बाईला स्वस्थ बसवेल तर ना! जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच्या तंबाखूच्या भुकटीत बोटानं अक्षरं काढून ती एकेकीला शिकवायला लागली. पहिली चेली तिची सख्खी धाकटी बहीण. धाकटी शिंकत शिंकत शिकली, पण शिकली.

"ताई, शिकवतेस खरी," एकदा ती म्हणाली, "पण उद्या तुला विचारणार कोण?"

"वेडी आहेस. वाचता आलं तरी तुमचे हात कुठं मोकळे आहेत?"

हिशेब तसा चोख होता. फक्त बायका घरीही वाचतील, हे तिच्या डोक्यात आलं नाही. वर्ष-दोन वर्षांत टेबलावर बातमी शिळी व्हायला लागली. मावशीनं तोंड उघडलं की कुणीतरी पुटपुटायची, "वाचली सकाळीच." टोपलीत पडणारे चिरूट कमी होत गेले. कुणी मुद्दाम केलं असं नाही. एकीच्या घरी आजारपण, दुसरीच्या घरी लग्न. शेवटी मावशी स्टुलावरून उतरून स्वतः वळायला बसली. पण बोटं काम विसरली होती. पानं फाटायची, मुकादम तिचा माल बाजूला काढायचा. या वयात असं शिकाऊ पोरीसारखं ऐकून घेणं तिच्या फार जिवाला लागायचं.

एका सकाळी दारावर कागद चिकटवलेला दिसला. समोर बायकांचा घोळका होता. मावशीला बघून सगळ्या गुपचूप बाजूला झाल्या. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि सवयीनं खड्या आवाजात सुरुवात केली, "काम समाधानकारक नसल्यामुळे पुढील कामगारास..."

धाकटीनं तिचा दंड धरला.

"ताई," ती म्हणाली, "मनातल्या मनात वाच."