टवका उडालेल्या झाकणाची बरणी

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या कपाटात एक बरणी आहे. तिच्या काचेच्या झाकणाचा टवका उडालाय. प्रात्यक्षिक परीक्षेत बरण्यांच्या लेबलांवर कागद चिकटवतात आणि आतला प्राणी मुलांनी ओळखायचा असतो. पण आत बघतंय कोण? दरवर्षी वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगून जायची, “टवका दिसला की डोलिओलम. डोळे झाकून लिहा.” आणि मुलं खरंच तसंच करायची.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. ईट या माझ्या गावाहून भूम, भूमहून धाराशिव, रोज एसटीनं. वडिलांनी एकच अट घातली होती: पहिला वर्ग मिळाला तर एम.एस्सी., नाहीतर शिक्षण बंद.

समुद्र मी पाहिला नव्हता. त्याच खुन्नशीनं म्हणा, समुद्रातले तरंगते प्राणी मी कोळून प्यायले होते. सॅल्पा तर माझा लाडका. पिंपासारखं पारदर्शक अंग, दोन्हीकडून उघडं. स्नायूंचे पट्टे आवळले की पाणी मागून बाहेर पडतं आणि प्राणी पुढं सरकतो. त्याच पाण्यातलं खाणं आतल्या चिकट जाळीत अडकतं, म्हणजे चालणं आणि जेवणं एकाच कामात. एकटा सॅल्पा जोडीदाराशिवाय आपल्याच अंगातून पिल्लांची अख्खी साखळी काढतो. साखळीतल्यांना मात्र नर-मादीचा संबंध लागतो, आणि त्यांच्या पोटी पुन्हा एकटा जन्मतो. डोलिओलम त्याचा भाऊबंद. फरक इतकाच की त्याचे पट्टे पूर्ण गोल असतात, सॅल्पाचे खालच्या बाजूला जुळत नाहीत. शिवाय डोलिओलम फार तर नखाएवढा.

परीक्षेत मी ती बरणी उचलून उजेडात धरली. आतला प्राणी माझ्या बोटाएवढा होता आणि पट्टे खाली उघडे होते. टवका दिसत होता, सगळ्यांचं सांगणंही आठवत होतं. मी सॅल्पा लिहिलं.

विभागप्रमुख सर माझा पेपर तपासताना थांबले. शेजारी परगावचे परीक्षक बसले होते.

“हे काय लिहिलंस?”

“सर, पट्टे खाली जुळत न्हायत. तुम्ही बघा की.”

“ईटची न्हवं तू? समुद्र बघितलास का कधी?”

“न्हाय, सर.”

“मग? इतकी वर्षं ही बरणी दाखवतोय मी. आता तू आमाला शिकवणार व्हय?”

परीक्षक हसले. सरांनी बरणीकडं मानही वळवली नाही. दोनपैकी शून्य दिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

पहिला वर्ग एका गुणानं हुकला. प्रात्यक्षिकाचे गुण पुन्हा तपासत नाहीत. वडील म्हणाले, “ठरलं होतं तसं.” वर्षभर मी घरी बसले. पाहुण्यांपुढं चहाचे ट्रे नेले आणि मनातल्या मनात सरांना शिव्या घातल्या. आईनं वर्षभर भुणभुण लावली, तेव्हा कुठं वडील एम.एस्सी.ला हो म्हणाले. ते वर्ष मला कुणी परत दिलं नाही.

पुढं त्याच विभागात मी शिकवायला लागले. दोन महिन्यांतच सर निवृत्त झाले. निरोप समारंभात जुनी विद्यार्थिनी म्हणून बोलायला मला उभं केलं. मी बरणी घेऊनच गेले आणि लेबल माझ्याकडं करून सरांपुढं टेबलावर ठेवली. मला त्यांना चारचौघांत खजील करायचं होतं, खोटं कशाला बोलू?

“सर, हा प्राणी कोणता?”

सरांची नजर सरळ झाकणावर गेली.

“डोलिओलम!”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्य म्हणाले, “याला म्हणतात अभ्यास.”

“सर, जरा खालून बघा ना,” मी म्हणाले. माझा आवाज टाळ्यांत बुडून गेला. सरांचे डोळे पाणावले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मायेनं विचारलं,

“तुझ्या परीक्षेलाबी हीच बरणी होती का गं?”

“व्हय, सर. हीच होती.”

“मग तर लई सोपं गेलं असंल तुला.”