आर्डिसचा शनिवारचा अभ्यास

अमेरिकेच्या उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठी वसलेल्या आमच्या डलूथच्या बंदरात धान्याची मोठाली कोठारं असलेली एक कंपनी होती. तिच्या कचेरीत आर्डिस निगार्ड लग्नाआधीपासून सेक्रेटरी होती. नवरा रॉल्फ हृदयविकाराने गेला तेव्हा मुलगी कॉलेजात होती. ती पुढे अ‍ॅरिझोनाला नोकरीला गेली आणि तिकडचीच झाली. तेव्हापासून आर्डिसचं आयुष्य म्हणजे दिवसा कचेरी, संध्याकाळी एका माणसापुरतं सूप आणि रविवारी चर्च. कुणी विचारलं तर म्हणायची, "बरं चाललंय." आमच्याकडे बरं चाललंय म्हणजे पुढे विचारू नका.

पन्नाशी ओलांडल्यावर तिच्यापुढे परीक्षा येऊन उभी राहिली. कचेरीत नवा मॅनेजर आला होता. कचेरीप्रमुखाची जागा भरायची आहे, पण सेक्रेटरींची प्रमाणपत्र परीक्षा पास झालेल्यांचाच विचार होईल, असं त्याने जाहीर केलं. आर्डिसने ऐकलं आणि सोडून दिलं. शेजारच्या टेबलावरची बर्नडीन मात्र सोडणाऱ्यांतली नव्हती. तिने दोघींचीही नावं घालून टाकली.

"अगं, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

परीक्षेच्या तयारीचा वर्ग शनिवारी सकाळी वाचनालयाच्या तळघरात भरायचा. व्यापारी कायदा, हिशेब, पत्रव्यवहार, कचेरीची व्यवस्था. बाकड्यांवर सगळ्या बायका आणि एकच पुरुष, क्लेमेंट माकी. जन्मभर रेल्वेत कारकुनी केलेली. रेल्वेने इथली कचेरी बंद केली तेव्हा हॉस्पिटलच्या दप्तरात लागला आणि तिथे टिकायचं तर प्रमाणपत्र हवं म्हणून वर्गात आला. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, हात लाकूडतोड्याचे. त्या हातात पेन्सिल आगकाडीएवढी दिसायची.

"खुराड्यात एकच कोंबडा," बर्नडीन कुजबुजली, "आणि तोही आरवत नाही."

आर्डिसचं हिशेबाशी पहिल्यापासून वाकडं. नावे कुठे आणि जमा कुठे, यात तिचा हमखास घोळ व्हायचा. क्लेमेंटला आकडे पाठ, पण पत्र म्हटलं की घाम फुटायचा. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, ग्राहकाची मागणी नम्रपणे नाकारणारं पत्र लिहा. क्लेमेंटने लिहिलं, "महाशय, जमणार नाही. आपला, सी. माकी." वर्ग हसून लोळला.

आर्डिस म्हणाली, "मिस्टर माकी, निदान 'खेद वाटतो' एवढं तरी लिहा."

"पण मला खेद वाटत नाहीये, मिसेस निगार्ड. चूक त्याची आहे."

त्या दिवशी ठरलं, वर्ग सुटला की समोरच्या कॉफीच्या दुकानात बसायचं. तिने त्याला पत्रं शिकवायची, त्याने तिला हिशेब. "हे बघा," तो म्हणायचा, "इथून डबा सुटला की तो तिथे पोचलाच पाहिजे. एका बाजूला निघाला, दुसऱ्या बाजूला लागला. मध्येच हरवला, तर शोधायचा. रडायचं नाही." आर्डिसच्या डोक्यात नावे-जमा पहिल्यांदा नीट बसलं.

थंडी वाढली, सरोवर गोठलं आणि दुकानवाल्याने हिवाळ्यापुरतं दार लावून घेतलं. अभ्यास आर्डिसच्या स्वयंपाकघरात आला. मिस्टर आणि मिसेस कधी गळून पडले, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तो येताना धुरावलेले मासे कागदात गुंडाळून आणायचा. ती जंगली तांदळाचं सूप करायची, आणि रॉल्फ गेल्यापासून माळ्यावर टाकलेलं मोठं पातेलं खाली आलं.

त्याने काही लपवलं नाही. पहिल्याच दिवशी कोट काढता काढता म्हणाला, "माझं लग्न झालेलं आहे, हे तुला ठाऊक असावं. ईर्या घर सोडून बहिणीकडे हिबिंगला गेली, त्याला बरीच वर्षं झाली. भांडण नाही, काही नाही. एक दिवस म्हणाली, तुझ्या गप्प बसण्याने माझा जीव घुसमटतो. गेली. कागदोपत्री आम्ही काही केलं नाही."

"इथे तर तू गप्प बसत नाहीस."

"तेच तर मला कळत नाही," क्लेमेंट म्हणाला आणि लाजला. साठीला टेकलेला माणूस कानापर्यंत लाल झाला.

वसंतात बर्फ फुटलं आणि मोसमातलं पहिलं जहाज बंदरात शिरलं. गावासोबत ही दोघंही कालव्याच्या काठावर उभी होती. जहाजाने भोंगा दिला, जहाजासाठी वर उचलल्या जाणाऱ्या पुलाने आपल्या भोंग्याने उत्तर दिलं, आणि त्या गदारोळात क्लेमेंट काहीतरी बोलला.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, परीक्षा झाली की वकिलाकडे जातो. कागद करून टाकतो. मग तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार की."

"नको. एका वेळी एकच पेपर."

दुसऱ्या दिवशी कचेरीत बर्नडीन तिच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "काय गं, तू हिशेब शिकतेस का गाणं? सकाळपासून गुणगुणतेयस."

"गप गं."

"मी गप्पच आहे. तूच वाजतेयस."

परीक्षा तोंडावर आली होती. त्या शनिवारी क्लेमेंट वर्गाला आला नाही. दुपारी आर्डिसच्या दारात येऊन उभा राहिला. बूट काढेना. ती म्हणाली, "आत ये, सूप तापतंय," तरी पायपुसण्यावरच उभा.

"ईर्याला झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. माझं नाव तेवढं येतं तोंडात, दुसरं काही नाही. बहीण म्हातारी आहे, तिला ती उचलवत नाही."

"मग?"

"मी आणतोय तिला घरी."

"बरी होईपर्यंत?"

"बरी नाही व्हायची, आर्डिस."

आर्डिसने गॅस बंद केला. हातात पळी होती, ती कुठे ठेवावी हे तिला सुचेना. मग तिचा आवाज चढला, जो कधी चढत नसे. "इतकी वर्षं तिने तुझी विचारपूस तरी केली का? वाढदिवसाला एक कार्ड? आणि आता तिला तुझी गरज पडली!"

"पडली," तो म्हणाला. "दुसरं कुणी नाही तिला."

"आणि मी?"

"मी तिला तिथेच टाकून आलो असतो," क्लेमेंटने विचारलं, "तर तू मला आत घेतलं असतंस?"

आर्डिसला खोटं बोलायची सवय नव्हती. "घेतलं असतं," ती म्हणाली. "हो. घेतलं असतं."

त्याने मान हलवली. "मला येववलं नसतं."

तो गेल्यावर तिने सूप तसंच झाकून ठेवलं. दोन दिवसांनी आंबलं, तेव्हा ओतून दिलं.

परीक्षेला ती जाणार नव्हती. बर्नडीन गाडी घेऊन दारात आली आणि हॉर्न वाजवत राहिली, शेजारपाजारचे पडदे हलेपर्यंत. "वेणीफणी नको, नुसती ये. तुझ्या दुःखाला काय, उद्याही वेळ आहे."

कॉलेजच्या हॉलमध्ये आडनावांप्रमाणे जागा होत्या. माकी आणि निगार्ड मागे-पुढे. देखरेखीच्या बाईंनी त्याचं नाव दोनदा पुकारलं, आजूबाजूला पाहिलं आणि कोरा पेपर उचलून नेला. हिशेबाच्या पेपरात दोन बाजू जुळेनात. आर्डिसला हुंदका आला, तो तिने गिळला आणि हरवलेला डबा शोधायला बसली. सापडला.

ती पास झाली. बर्नडीनचा कायदा राहिला. तो तिने पुढच्या खेपेला काढला. कचेरीप्रमुखाची जागा आर्डिसला मिळाली, स्वतंत्र खोली मिळाली. दारावर पाटी लागली त्या दिवशी सगळ्यांनी केक खाल्ला. घरी गेल्यावर हे सांगायला कुणी नव्हतं. मुलीला फोन केला, ती म्हणाली, "वा, आई! संध्याकाळी बोलू, गडबडीत आहे."

पुढच्या शरदात वाणसामानाच्या दुकानात ते दोघं तिला भेटले. क्लेमेंट चाकाची खुर्ची ढकलत होता. वाळला होता, पण दाढी नीट केलेली. ईर्याच्या केसांचा भांग कुणीतरी फार जपून पाडलेला दिसत होता.

"ईर्या, ही आर्डिस. आम्ही एका वर्गात होतो."

ईर्याने डावा हात पुढे केला. "क्लेमेंट," ती आर्डिसकडे पाहून म्हणाली. मग कोबीच्या गड्ड्याकडे बोट दाखवलं. "क्लेमेंट."

"सगळ्यालाच म्हणते," तो हळूच म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, एवढा एकच शब्द शिल्लक राहिला. त्यात अर्थ शोधू नका म्हणाले." मग त्याने विचारलं, "हिशेब कसा गेला?"

"चांगला गेला. तुझ्यामुळे."

तो हसला आणि खुर्ची पुढे ढकलली. आर्डिस हातातली टोपली तिथेच ठेवून बाहेर आली. गाडीत बसून इतकी रडली की काचा धुरकटल्या.

त्यानंतर ती त्यांच्या घरी कधी गेली नाही. त्याने बोलावलंही नाही. एकाच गावात राहून माणसं किती लांब राहू शकतात, हे आमच्यासारख्यांना विचारावं. काही वर्षांनी, कडाक्याच्या थंडीत, दारातलं बर्फ उपसताना क्लेमेंट कोसळला, तो उठलाच नाही. ईर्याला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं.

अंत्यविधीला आर्डिस मागच्या रांगेत बसली. बर्नडीन तिच्याबरोबर होती. पुढे चाकाच्या खुर्चीत ईर्या, शेजारी तिची म्हातारी बहीण. आर्डिस ताठ बसली होती, हातमोजे मुठीत आवळून. बर्नडीनने तिच्या दंडाला धरलं. "रड ना बाई. आज इथे सगळेच रडतायत. कुणी विचारणार नाही."

तशी आर्डिस रडली, कुठलाही आडपडदा न ठेवता, सगळ्यांच्या देखत.

नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमची सँडविचेस होती. हॉस्पिटलातल्या एका बाईने पेला भरून देत विचारलं, "तुमची त्यांची ओळख कुठली?"

"आम्ही बरोबर अभ्यास करायचो," आर्डिस म्हणाली. "परीक्षेचा."

"अस्सं," म्हणत त्या बाईने साखर पुढे केली. आर्डिसने ती घेतली, चमच्याने ढवळली. मग कोट चढवला आणि ईर्याची खुर्ची उतारावरून गाडीपर्यंत न्यायला कुणी माणूस आहे का, ते बघायला गेली. कुणीच नव्हतं. म्हणून तिनेच नेली.